बोअरसाठी कर्ज देण्याआधी

मैत्रिणींनो, उन्हाळा लागला की गटाच्या बैठकीत बोअरसाठी कर्जाचे अर्ज येतात. पाणाड्याने नारळ धरून जागा दाखवलेली असते, खाली नदी वाहतेय असं सांगितलेलं असतं. बोअर कोरडं गेलं तरी हप्ता काही थांबत नाही. म्हणून या वेळचा पाठ: आपल्या जमिनीखाली पाणी असतं तरी कुठे?

आपल्याकडे जमिनीखाली नदी वाहत नाही. पावसाचं पाणी मुरतं आणि वाळूच्या कणांमध्ये किंवा खडकाच्या भेगांमध्ये साठतं. बैठकीत करून बघा. वाळूने भरलेल्या पातेल्यात पेलाभर पाणी ओता, वाळू ते पिऊन घेते. तेच पाणी पाट्यावर ओता, वाहून जातं.

यावल, रावेर, चोपडा भागात तापीकाठची गाळाची जमीन आहे. माती, चिकणमाती आणि वाळूचे थर एकावर एक, शेकडो फूट. वाळूत पाणी भरपूर मावतं, पण चिकणमाती ते सहज खाली सोडत नाही. वरून भरणं हळू आणि केळीसाठी उपसा मोठा, म्हणून पातळी खाली जाते. शिवाय आजूबाजूचे बोअर एकाच थरातून पाणी ओढतात. एकीने खोल नेलं की शेजारणीचं पाणी उतरतं.

साक्री, धुळे, पारोळा, चाळीसगावकडे बहुतेक खडक. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाणी मुरमात आणि भेगांत असतं. अखंड पाषाणात ते धरायला जागाच नाही, त्यामुळे जास्त खोल म्हणजे जास्त पाणी, असं इथे होईलच असं नाही. धुळे जिल्ह्यात जमिनीत उभ्या दगडी भिंतीही खूप आहेत, त्यांना डाईक म्हणतात. अशी भिंत पाणी अडवते. मग एका बाजूची विहीर भरलेली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, असंही होतं. त्यात कुणाचं नशीब किंवा नजर लागणं काही नसतं.

शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले. आधी जमीन ओळखली, मग पाणी मुरेल तिथे अडवलं. म्हणून विहिरींना पाणी आलं.

आता आपलं काम. १९७२ पासून राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. ती ठरलेल्या विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपणही गावातल्या चार-पाच विहिरी तशाच मोजू या.

१. दोरीला दगड बांधा, दर फुटाला गाठ मारा.
२. सकाळी मोटर चालू करण्याआधी मोजा.
३. कठड्यावर खूण करा, दर वेळी तिथूनच दोरी सोडा.
४. तारीख आणि फूट गटाच्या वहीत लिहा.

दोन वर्षांचे आकडे झाले की पावसाने किती भरलं आणि आपण किती उपसलं, ते वहीच सांगेल.

तोवर बोअरचा अर्ज आला तर ताईला तीन गोष्टी विचारा: जमीन गाळाची की खडकाची? शेजारच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, आणि मे महिन्यात ते टिकतं का? बोअर कोरडं गेलं तर हप्ता कशातून भरणार? उत्तरं इतिवृत्तात लिहा, मगच मंजुरीची सही करा.