एक्सकोरिएट : 'सालटी काढणारा' इंग्रजी शब्द आणि आपला धंदा



आजचा शब्द आहे 'एक्सकोरिएट'. बिझनेसच्या इंग्रजी बातम्यांत, प्रॉडक्टच्या परीक्षणांत तो भेटतो. अर्थ : जिव्हारी लागेल अशी कडक टीका करणे.

शब्द आला कुठून?
लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर, आणि 'कोरियम' म्हणजे कातडी. दोन्ही मिळून कातडी सोलून काढणे. इंग्रजीत १५व्या शतकात हा शब्द याच सरळ अर्थाने आला. टीकेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. खाजवून सालटं निघालं, की डॉक्टर आजही त्याला 'एक्सकोरिएशन' म्हणतात.

आपल्याला यात नवीन काय? सालटी काढणे, खरडपट्टी काढणे, बिनपाण्याने हजामत करणे... आपलेही वाक्प्रचार कातडीवरच येतात!

वापरायचा कुठे?
साध्या टीकेला 'क्रिटिसाइझ' पुरतं. माल दोन दिवस उशिरा आला म्हणून सप्लायरच्या मेलमध्ये 'एक्सकोरिएट' नको. कुणीतरी कुणाची जाहीर धुलाई केली, तिथे तो शोभतो.

आता धंद्याचं बोलू.
आपल्या नाशिकच्या द्राक्षबागेत गर्डलिंग करतात, माहितीये ना? खोडाच्या सालीची अरुंद गोल पट्टी काढायची. मग पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जात नाही, काही दिवस घडांना मिळतं आणि मणी फुगतात. पुढे जखम भरून येते. पण चाकू साल सोडून लाकडात गेला, तर वेलीलाच इजा!

टीकेचंही तसंच. समजा, तुमच्या स्टॉलला एक स्टार मिळाला : 'मिसळ थंड होती, मालकाला अक्कल नाही.' पहिला भाग कामावर आहे, तो वहीत लिहा आणि उद्याच रस्सा गरम राहील याची सोय करा. दुसरा भाग माणसावर आहे, तो सोडून द्या. उत्तर राग शांत झाल्यावरच, दोन ओळींत : माफी आणि काय सुधारलं ते.

कामगाराला बोलतानाही हेच. चूक दाखवा, त्याची लायकी काढू नका. आणि चारचौघांत तर नाहीच; चांगला माणूस गेला की परत मिळत नाही.

आजचा होमवर्क : तुमच्या धंद्याला मिळालेली सगळ्यात कडक टीका घ्या. कामावरचं एका बाजूला, माणसावरचं दुसऱ्या बाजूला लिहा. पहिल्या बाजूतलं एक काम या आठवड्यात संपवा.

भेटू पुढच्या भागात!