पोशाखाच्या प्लास्टिक हेल्मेटचे रिव्हेट सुरक्षित कसे काढायचे?



गॅदरिंग आणि शिवजयंतीचा हंगाम संपला की भाड्याने दिलेले पोशाख परत येतात. फाटलेला अंगरखा आपण लगेच शिवतो. पण सैनिकाच्या प्लास्टिक हेल्मेटची हनुवटीची पट्टी तुटली की ते कोपऱ्यात पडून राहतं. कारण पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, आणि रिव्हेट स्क्रूसारखा फिरवून निघत नाही.

मागच्या हंगामात एका गटातल्या ताई हेल्मेट मांडीवर घेऊन स्क्रू ड्रायव्हरने रिव्हेट उचकटत होत्या. स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि थेट तळहातात घुसला. टाके पडले, पंधरा दिवस शिलाई बंद. हेल्मेटलाही तडा गेला. मी शेजारीच बसले होते. मलाही योग्य पद्धत माहीत नव्हती, म्हणून त्यांना थांबवलं नाही. नंतर एका फॅब्रिकेशनवाल्या दादांकडून शिकून घेतलं. तोच हा धडा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हे फक्त नाटकाच्या हेल्मेटसाठी आहे. दुचाकीच्या आयएसआय मार्कच्या हेल्मेटचा रिव्हेट कधीही काढू नका. अपघातात पट्टी सुटली तर हेल्मेट डोक्यावर राहणार नाही. ते खराब झालं तर नवीनच घ्या.

रिव्हेट ओळखा

बाहेरून गोल चकती आणि मधे बारीक भोक, आतून फुगीर गाठ दिसली, तर तो पॉप रिव्हेट. तो बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो आणि आत लोखंडी पिनेचा तुकडा अडकलेला असतो. प्लास्टिकची पिन असेल तर काम सोपं आहे. आतले दोन पाय पक्कडीने जवळ दाबा आणि बाहेर ढकला.

तयारी

ड्रिल मशीन, बिट, बोथट खिळा, छोटी हातोडी, पक्कड, चिकटपट्टी, लाकडी ठोकळा आणि जुनं गोणपाट घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण धातूचा कीस उडतो. पदर खोचा, केस बांधा, बांगड्या काढा. सैल हातमोजे घालू नका, फिरत्या बिटात अडकतात. बिट बदलताना प्लग काढायचाच. लहान मुलं जवळ नकोत.

रिव्हेट काढायचा

१. हेल्मेट मांडीवर नको. जमिनीवर किंवा टेबलावर गोणपाट पसरून त्यावर ठेवा आणि दुसऱ्या ताईला घट्ट धरायला सांगा. त्यांच्याही डोळ्यांवर चष्मा हवा.

२. भोक पाडलेला लाकडी ठोकळा आतून लावा, म्हणजे रिव्हेटची गाठ त्या भोकात बसेल. बाहेरून मधल्या भोकात खिळा ठेवून हलकेच ठोका. लोखंडी पिन आत पडेल. ती निघाली नाही तर जोर करू नका. बिट तिच्यावरून घसरतो. असं हेल्मेट फॅब्रिकेशनच्या दुकानात न्या.

३. बिट रिव्हेटच्या दांड्याइतकाच जाड घ्या. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ३.२ चा बिट. मोठा घेतला तर हेल्मेटचं भोक मोठं होतं.

४. चकतीभोवती चिकटपट्टी लावा, प्लास्टिकवर ओरखडे येणार नाहीत. मशीन सरळ धरून अगदी हळू चालवा. तीन-चार सेकंद चालवा, थांबा, परत चालवा. सलग चालवलं तर घर्षणाने प्लास्टिक वितळतं.

५. रिव्हेटच बिटाबरोबर फिरायला लागला तर थांबा. आतली गाठ पक्कडीने धरा आणि मग पुढे चला.

६. चकती सुटली की लगेच थांबा. पूर्ण आरपार ड्रिल करायची गरज नाही. उरलेला भाग खिळ्याने आत ढकला.

कीस हाताने किंवा फुंकर मारून काढू नका. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ओल्या कापडाने पुसा. भोकाची कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. तापवलेली सुरी किंवा सळई अजिबात वापरू नका. जळत्या प्लास्टिकचा धूर छातीला वाईट.

पट्टी परत बसवायची

नवीन रिव्हेटऐवजी छोटा नट-बोल्ट लावा, पुढच्या वेळी ड्रिल लागणार नाही. दोन्ही बाजूंना वायसर हवा. त्याने दाब पसरतो आणि प्लास्टिकला तडा जात नाही. बोल्टचं गोल डोकं आतून आणि नट बाहेरून ठेवा. आत टोकदार काही राहिलं तर मुलाच्या डोक्याला लागेल. आतून फोमचा तुकडाही चिकटवा. पट्टीला वेल्क्रो लावा. खेळताना ती कुठे अडकली तर सुटेल, गळा आवळणार नाही.

भाड्याने देण्याआधी आतून बोटं फिरवून बघा. बोटाला टोचलं, तर मुलाला टोचणारच.

बैठकीत चर्चा करा

• आपल्या गटाकडे पट्टी तुटलेली किती हेल्मेट पडून आहेत?
• ड्रिल मशीन विकत न घेता ग्रामसंघातल्या कोणाकडून वापरायला मिळेल का?
• दुरुस्तीचा खर्च आणि त्या हेल्मेटचं भाडं नोंदवहीत वेगळं लिहितो का?

पहिलं हेल्मेट तडा गेलेलं, टाकाऊ घ्या आणि त्यावर हात बसवा. त्या ताई आता हे काम स्वतः करतात, आणि शेजारच्या गटालाही शिकवतात. अडलं तर बैठकीत हेल्मेट घेऊन या, मिळून बघू.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक