अंगणातील पाखरांचा दाणापाणी

4 ऑक्टोबर हा असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण. आपल्या भोपाळकडे त्या सुमारास सोयाबीनची काढणी चालू असते. कामाचा शीण असतोच. पण सकाळी ओसरीवर पाव तास बसून अंगणातली पाखरे पाहावीत, इतका स्वस्त विसावा दुसरा नाही.

चिमण्या आधी येतात. गळ्याखाली काळा डाग असलेला तो नर. होला मान हलवीत सावकाश टिपतो, साळुंकी मात्र आली की भांडण. बुलबुल दाण्याकडे बघतही नाही. त्याला पिकल्या पेरूची फोड ठेवावी. सातभाई टोळीने येऊन पाचोळा उलटापालटा करतात. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना अळ्या-किडे भरविते. घरट्याकडे तिच्या किती फेऱ्या होतात ते मुलांना मोजायला सांगावे.

दाणा घरच्या खाण्यातलाच असावा: ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी. संध्याकाळपर्यंत संपेल इतकाच घालावा, कारण भिजून बुरशी आलेल्या दाण्याने पाखरे आजारी पडतात. पाण्याला मातीचे पसरट परळ घ्यावे व ते रोज घासावे.

आता मुख्य गोष्ट. लवकरच गव्हाचे बियाणे घरात येईल. त्यातले गुलाबी किंवा तांबडे दिसते ते औषध चोळलेले असते. ओळखू यावे म्हणूनच तो रंग. पेरणीनंतर चार मुठी उरल्या की वाया कशाला घालवायच्या म्हणून आपण त्या अंगणात टाकतो. हे दान नव्हे, विष होय. धुतल्यानेही ते खाण्याजोगे होत नाही. उरलेले बियाणे मूळ पिशवीतच, मुलांचा हात पोहोचणार नाही असे ठेवावे. शेतात सांडलेले मातीआड करावे. बड्या तालाबाच्या आसपासच्या शेतांत सारस चरतात, तेही सांडलेले दाणे टिपतात.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी परळ खुराड्यापासून लांब ठेवावे. डिसेंबर 2020 च्या अखेरीस इंदूरला कावळे मरू लागले, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. मेलेले पाखरू उघड्या हाताने उचलू नये. एकाच जागी बरीच मेलेली दिसली तर सरकारी पशुवैद्यकांना त्याच दिवशी कळवावे. परळ घासून झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मुलांनीसुद्धा.