उधारीची ऑर्डर आता मोबाइलवर

प्रश्न : कोल्हापुरात आमचा कांदा-लसूण मसाल्याचा आणि चटण्यांचा छोटा कारखाना आहे. शंभरेक दुकानदार, काही हॉटेले आणि गोव्यातील दोन वितरक आमच्याकडून घाऊक माल घेतात. आजवर ऑर्डर फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर यायची, महिनाभर माल चलनावर जायचा आणि महिनाअखेरीस एकच बिल निघायचे. आता स्वतःची वेबसाइट करून तिच्यावर ऑर्डर घ्यायच्या आहेत. पैसे मात्र पूर्वीसारखेच नंतर. 'पैसे नंतर' असे बटण ठेवले तर चालेल ना?

उत्तर : बटणाला कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती प्रश्नात ओघाने येऊन गेलेल्या 'महिनाभर माल चलनावर' या तीन शब्दांना. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम ३१ प्रमाणे विकलेला माल कारखान्यातून हलतानाच, किंवा त्याआधी, टॅक्स इन्व्हॉइस निघायला हवे. चलन आहे ते जॉबवर्कला जाणाऱ्या मालासाठी, पसंतीवर पाठवलेल्या मालासाठी, किंवा पाठवताना नेमके मोजमाप कळत नाही अशा मालासाठी. पाकीटबंद मसाला यातल्या कशातच बसत नाही. कायद्यात 'सतत पुरवठा' म्हणून एक अपवाद आहे. करारानुसार नियमित जाणाऱ्या मालाचे बिल ठरावीक अंतराने काढण्याची मुभा त्यात मिळते. पण लागेल तेव्हा, लागेल तेवढे मागवणाऱ्या किराणा दुकानदाराला या अपवादात बसवणे म्हणजे नोटिशीला आमंत्रण. सरळ मार्ग असा : प्रत्येक ऑर्डरचे बिल माल निघतानाच काढावे आणि महिनाअखेरीस त्या सगळ्या बिलांचे एक खातेपत्रक पाठवावे. ग्राहकाला महिन्याचा हिशेब एकत्र मिळतो आणि कायदाही पाळला जातो.

याचा अर्थ सरकारचा कर बिलाच्या तारखेने लागतो, पैसे हातात पडल्याच्या तारखेने नव्हे. समजा २८ मार्चला १,००,००० रुपयांचा मसाला गेला आणि त्यावर ५ टक्के, म्हणजे ५,००० रुपये जीएसटी लागला. दरमहा रिटर्न भरणाऱ्या कारखानदाराला इनपुट क्रेडिट वजा जाऊन उरलेला कर २० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. दुकानदार पैसे देणार जूनमध्ये. त्याने कधीच दिले नाहीत तरी भरलेला कर परत मिळत नाही, कारण बुडीत उधारीवर जीएसटीत सवलतच नाही. वेबसाइटमुळे ऑर्डरी वाढतील हे खरे, पण त्याबरोबर गुंतलेले पैसेही वाढतील. महिन्याला ८ लाखांचा माल दीड महिन्याच्या उधारीवर जात असेल, तर १२ लाख रुपये कायम बाजारात अडकलेले राहतात. हे गणित वेबसाइट बनवणारा मुलगा सांगत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे.

आता करार. वेबसाइटवर माल आणि भाव मांडणे हे केवळ निमंत्रण असते. ग्राहकाची ऑर्डर हा प्रस्ताव, आणि विक्रेत्याने होकार कळवला की करार झाला. गोम इथेच आहे. बहुतेक तयार सॉफ्टवेअर ऑर्डर येताक्षणी 'आपली ऑर्डर पक्की झाली आहे' असा निरोप आपोआप धाडतात. तोवर ब्याडगी मिरचीचा भाव चढलेला असला, किंवा त्या दुकानदाराची तीन बिले थकलेली असली, तरी होकार गेलेला असतो. तो निरोप बदलून घ्यावा : 'ऑर्डर मिळाली. उपलब्धता आणि खाते तपासून कळवू.' पक्का होकार बिलासोबत गेला तरी पुष्कळ.

दुसरे काम त्याहून कंटाळवाणे आहे, आणि जास्त महत्त्वाचे. 'पैसे नंतर' हा पर्याय वेबसाइटवर येईल त्याला दिसता कामा नये. आधी खाते उघडण्याचा अर्ज भरून घ्यावा. त्यात जीएसटी क्रमांक, खाद्य परवान्याचा क्रमांक आणि धंद्याचे स्वरूप (एकट्याच्या मालकीचा, भागीदारीतला की प्रायव्हेट लिमिटेड) नोंदवावे. शेवटचा मुद्दा कागदी वाटतो, पण वसुलीच्या वेळी तोच आडवा येतो. कंपनीची उधारी ही संचालकाची वैयक्तिक उधारी नसते. हॉटेल चालवणारी कंपनी बंद पडली तर मालकाच्या बंगल्याकडे बोट दाखवून उपयोग नसतो. म्हणून कंपनी असेल तिथे संचालकाची वैयक्तिक हमी लेखी घ्यावी, योग्य मुद्रांकावर.

ऑर्डर कोण देणार, हेही याच अर्जात ठरावे. गल्ल्यावरचा पोऱ्या शेठच्या मोबाइलवरून चाळीस किलो मसाला मागवतो आणि शेठ म्हणतो, 'मी सांगितलेच नव्हते.' अधिकृत माणसांची नावे आणि मोबाइल नंबर अर्जात असले, प्रत्येक वेळी ओटीपीने प्रवेश होत असला, तर ही पळवाट बरीच बुजते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०ए सांगते की इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने करार निष्प्रभ ठरत नाही. मात्र हा पुरावा कोर्टात उभा करायचा, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट छापून नेला आणि काम झाले, असे होत नाही. कोणी, कधी, कोणत्या अटींना होकार दिला याची नोंद सर्व्हरवर जपली जाते का, हे वेबसाइट बनवणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारावे. अटी बदलल्या तर जुन्या अटींची प्रतही राहायला हवी.

उधारीची मर्यादा ठरवताना एक चूक हमखास होते. सॉफ्टवेअर फक्त निघालेली बिले मोजते. आलेल्या पण बिल न झालेल्या ऑर्डरी मोजत नाही. ५०,००० ची मर्यादा असलेला ग्राहक एका सकाळी तीन ऑर्डरी टाकून सव्वा लाखाचा माल मागवू शकतो. दोन्ही आकडे एकत्र धरायला सांगावे. सर्वांत जुने बिल मुदतीबाहेर गेले, की 'पैसे नंतर' हा पर्याय आपोआप बंद होऊन फक्त यूपीआयने आगाऊ भरण्याचा पर्याय उरावा. बाजारात 'बिल टू बिल' म्हणतात ती पद्धत, म्हणजे मागचे बिल चुकते झाल्यावरच पुढचा माल, यंत्रात बसवायला सगळ्यात सोपी आणि छोट्या कारखान्याला सगळ्यात मानवणारी.

मुदत किती दिवसांची द्यावी? प्रश्न विचारणारे उत्पादक आहेत. उद्यम नोंदणी केलेली असेल आणि उद्योग सूक्ष्म किंवा लघु गटात मोडत असेल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा त्यांच्या बाजूने उभा राहतो. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत, करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजले जातात. पोहोचल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. त्यामुळे वेबसाइटवर पोहोच आणि तक्रार या दोन्हींची तारखेसह नोंद असणे केवळ ग्राहकसेवा नाही. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. वेबसाइटवर ६० दिवसांची उधारी छापणाऱ्याने हे आधी वाचावे.

याच कायद्याला आयकराने दात दिले. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या कलम ४३बी (एच) प्रमाणे ही मुदत ओलांडून वर्षअखेरीस थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजावट मिळते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ही अट राहिली. मात्र तिचा धाक कोपऱ्यावरच्या वाण्याला फारसा नाही, कारण अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्याला वजावटींशी देणेघेणे नसते. हॉटेल कंपन्या आणि मोठे वितरक यांच्यावर मात्र तो चालतो. त्यांच्यासाठी बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा. इनपुट क्रेडिट घेणाऱ्या सर्वच खरेदीदारांना लागू पडणारे हत्यार वेगळे आहे : बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास त्यांना घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पाचव्या महिन्यात जाणाऱ्या आठवणीच्या मेलमध्ये हे एक वाक्य घातले की फोन उचलले जातात.

गोव्याबद्दल थोडक्यात. तिकडचा माल आंतरराज्य, म्हणून आयजीएसटी, आणि किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. कंपोझिशन योजनेत असणाऱ्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. स्वतःचा माल स्वतःच्या वेबसाइटवर विकताना, मोठ्या ई-कॉमर्स कंपन्या विक्रेत्यांकडून कापतात तो जीएसटीचा टीसीएस लागू होत नाही.

राहिली जुनी उधारी. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत ३ वर्षे. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल पोहोचल्यापासून. वेबसाइटवरच्या खात्यात बाकी लाल अक्षरांत चमकत राहिली म्हणून मुदत वाढत नाही. ती नव्याने सुरू व्हायची, तर देणेकऱ्याची सही असलेली लेखी कबुली मुदतीच्या आत हवी. दर ३१ मार्चला बाकी मान्य असल्याचे पत्र सही-शिक्क्यासह मागवण्याची जुन्या मुनिमांची सवय ऑनलाइन झाल्यावरही सोडू नये.

प्रश्न : इचलकरंजीत कापडाचा घाऊक व्यापार आहे. ऑनलाइन खाते देताना प्रत्येक पार्टीकडून सही केलेला कोरा चेक घेऊन ठेवतो. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : चेक निरुपयोगी नाही. सही करून स्वेच्छेने दिलेला कोरा चेक नंतर भरला तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३९ खालचे गृहीतक चेकधारकाच्या बाजूने राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या प्रकरणात म्हटले. तारीख आणि रक्कम भरण्याची परवानगी खात्याच्या अर्जातच लिहून घेतली तर आणखी बरे.

पण ऑनलाइन खात्यात एक नवा धोका आहे. पार्टी यूपीआयने अधूनमधून पाच-दहा हजार टाकत राहते, आणि व्यापारी रागाच्या भरात जुनी पूर्ण रक्कम लिहून चेक बँकेत टाकतो. २०२२ मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि तिची नोंद चेकवर केलेली नसेल, तर पूर्ण रकमेचा चेक परत आल्यावर कलम १३८ चा गुन्हा होत नाही. म्हणून चेक भरायच्या दिवशी खात्यातली बाकी पाहूनच आकडा लिहावा. पुढची घड्याळे कडक आहेत : चेक परतल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार.

प्रश्न : रत्नागिरीत किराणा दुकान आहे. एका घाऊक खरेदीच्या ॲपवर 'आज घ्या, पैसे नंतर' असे दिसते. ही उधारीच ना?

उत्तर : दिसायला उधारी, पण करार कोणाशी आहे ते पाहावे. अनेक ॲपांवर हे पैसे बिगरबँक वित्त कंपनी देते. विक्रेत्याला त्याचे पैसे मिळून जातात आणि दुकानदार कर्जदार होतो. हप्ता चुकला तर तो क्रेडिट स्कोअरमध्ये दिसतो; नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी सहसा दिसत नाही. खराब निघालेल्या मालाचे भांडण विक्रेत्याशी चालू असले तरी हप्ता थांबतोच असे नाही.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव आणि सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये आधी दाखवावा लागतो. कर्ज घेतल्यावर किमान एका दिवसाचा विचारकाळही द्यावा लागतो. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांपुरता खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. हे पत्रक ॲपवर सापडत नसेल, तर पहिली ऑर्डर टाकण्याआधी ते ईमेलवर मागवून घ्यावे.