जुने रो-हाऊस घेण्यापूर्वी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे या परिसराचे रूपांतर औद्योगिक नगरीत झाले. कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न सोडविण्यासाठी १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. प्राधिकरणाच्या पेठांतून, खाजगी वसाहतींतून व आसपासच्या गावांतून एकाला एक लागून घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतील अनेक घरे आज तीस-चाळीस वर्षांची झाली असून ती हस्तांतरित होत आहेत. सदनिकेपेक्षा स्वतंत्र आणि बंगल्यापेक्षा स्वस्त म्हणून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबे भविष्यनिर्वाह निधीची रक्कम व बँकेचे कर्ज यांच्या आधारे अशी घरे विकत घेतात. आयुष्याची पुंजी गुंतविताना पाहणी मात्र बहुधा रंग, फरशी व खोल्यांची संख्या एवढ्यापुरतीच होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रांगेतील घर कधीही एकटे उभे नसते. त्याची भिंत शेजाऱ्याशी, सांडपाण्याची नळी संपूर्ण रांगेशी आणि जमीन शासकीय अभिलेखाशी जोडलेली असते. सर्वांत मोठे धोके नेमके या तीन ठिकाणी दडलेले असतात.

भिंती व छत

सामाईक भिंत दोन्ही घरांचा भार वाहते. शेजाऱ्याने दिवाणखाना मोठा करण्यासाठी अथवा दुकान काढण्यासाठी आतील भिंत पाडली असेल, तर त्याचा परिणाम आपल्या स्लॅबवरही होतो. म्हणून दोन्ही बाजूंची घरे आतून पाहण्याची विनंती अवश्य करावी. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषा सहसा निरुपद्रवी असतात. परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, वर रुंद व खाली अरुंद होणारी भेग पाया खचल्याची सूचना असू शकते. काळ्या मातीवरील बांधकामात हा दोष विशेषेकरून आढळतो, कारण ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तशीच भेग ओळीतील इतर घरांतही असल्यास दोष एका घराचा नसून संपूर्ण रांगेचा आहे, असे समजावे. भेग वाढती आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी तिच्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने बसवितात. काच तडकली तर हालचाल चालू आहे, हे निश्चित होते.

छताच्या खालच्या बाजूस लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आल्यास गिलावा किंवा काँक्रीट सुटलेले असते. लोखंडी सळई गंजली की फुगते व काँक्रीटला आतून फोडते. गंजाचे तपकिरी डाग ही त्याची पहिली खूण होय. नवा रंग व शोभेचे कृत्रिम छत यांमुळे हे डाग झाकले जातात. म्हणून घर एकदा तरी भर पावसाळ्यात पाहावे.

तळमजल्यासाठी बांधलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतींवर नंतर मजला चढविला असल्यास मूळ नकाशा मागावा. गच्चीवरील पाण्याची टाकीही दुर्लक्षू नये. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन होय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी होणे आवश्यक आहे. तो दाखला विक्रेत्याकडे मागावा. नसल्यास स्वखर्चाने तपासणी करवून घ्यावी.

सांडपाणी व वीज

मागील मोकळ्या जागेतून संपूर्ण रांगेची सांडपाण्याची नळी जाते. त्या जागेवर स्वयंपाकघर वाढविलेले असल्यास चेंबर फरशीखाली गाडले जाते आणि नळी तुंबल्यावर मैलापाणी सखल घरात शिरते. मोरीत रंगीत पाणी ओतून ते कोणत्या चेंबरमध्ये निघते, हे पाहावे. भिंतीच्या बुडाशी कायम ओल असल्यास गळतीचा संशय घ्यावा. जुन्या वायरिंगला भू-संपर्क, म्हणजे अर्थिंग, आहे किंवा नाही, हे परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासावे.

जमीन व कागदपत्रे

प्राधिकरणाचे भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. २०२१ मध्ये प्राधिकरण विलीन झाल्याने हस्तांतरणाची परवानगी कोणत्या कार्यालयाकडून घ्यावयाची, हे प्रथम निश्चित करावे. मोशी, चिखली, तळवडे, वाकड आदी गावे १९९७ मध्ये महानगरपालिकेत आली; तेथील त्यापूर्वीच्या घरांबाबत मूळ परवानगी कोणी दिली, हे पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा कराची पावती हा मालकीचा अथवा अधिकृत बांधकामाचा पुरावा नव्हे. २०२३ मध्ये शासनाने येथील अनधिकृत बांधकामांवरील शास्तीकर माफ केला. मात्र कर माफ झाला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही.

दोन रेषा नकाशावर स्वतः पाहाव्यात. देहूरोड येथील दारूगोळा कोठाराभोवतीच्या संरक्षण खात्याच्या निर्बंधित पट्ट्यास ‘रेड झोन’ म्हणतात. नदीकाठच्या पूररेषा त्याहून वेगळ्या. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखविते. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. त्या घरांच्या भिंती मजबूत होत्या की नव्हत्या, हा प्रश्नच तेथे गौण ठरला.

विसार देण्यापूर्वी

वरील क्रम व्यवहारात उलटा ठेवावा. प्रथम जमीन व मंजूर नकाशा, नंतर पूर्णत्वाचा दाखला व दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध, त्यानंतर अभियंत्याची तपासणी आणि सर्वांत शेवटी किंमत. अभियंता व वकील यांचे शुल्क घराच्या किमतीच्या मानाने अल्प असते. विसार दिल्यानंतर समजलेला दोष मात्र खरेदीदाराच्याच माथी येतो.

ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्याकडे लोक उतारा वाचून घेण्यासाठी येतात. त्या वेळी उताऱ्याबरोबर मंजूर नकाशा पाहिला आहे काय, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला, तरी अनेक कुटुंबांची फसगत टळू शकेल.