ब्रेक पेडल मऊ लागतंय? लगेच एअर काढू नका

जुन्या मारुती ८००, सँट्रो किंवा वॅगन-आरचं ब्रेक पेडल मऊ लागायला लागलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "एअर धरलीय, काढून देतो." एअर काढली की थोडे दिवस बरे जातात आणि पेडल पुन्हा खाली जायला लागतं. बंद पाइपांत हवा आपोआप तयार होत नाही. ती आत गेली असेल तर कुठून तरी गेली आहे, आणि बऱ्याचदा दोष हवेचा नसतोच. म्हणून एअर काढायच्या निपलला पाना लावण्याआधी पेडल तपासा. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. जरा थांबा, मग पेडल एकदाच दाबून अर्धा मिनिट तसंच धरा.

पाय धरून ठेवला असताना पेडल सावकाश खाली सरकत राहिलं, तर दाब कुठेतरी निसटतोय. पहिल्यांदा खोल जाऊन लगेचच्या दुसऱ्या दाबाला वर आलं आणि घट्ट झालं, तर मागचे ब्रेक शू ड्रमपासून लांब राहिले असण्याची शक्यता मोठी. कितीही दाबलं तरी लवचीकच लागलं, तर हवा तरी आहे किंवा एखादा होज पाइप फुगतोय. इंजिन सुरू करताना दाबलेलं पेडल किंचित खाली जातं, तो मात्र बिघाड नाही. बूस्टर चालू असल्याची ती खूण आहे.

ड्रमची शंका असेल तर हँडब्रेक पूर्ण ओढून पेडल पुन्हा दाबा. ते लगेच वर आलं तर दोष मागेच आहे. जुन्या गाड्यांत शू आपोआप पुढे सरकवणारा अॅडजस्टर गंजून अडकतो. ड्रम उघडून तो मोकळा करा आणि आधी शूचं अंतर बसवा. नुसती हँडब्रेकची केबल ताणणं हा उपाय नव्हे. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

पेडल सरकत असेल तर गळती शोधा. पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी थोडी उतरतेच, पण भरल्यावर पुन्हा उतरली तर ऑइल बाहेर जातंय. चाकांच्या आतल्या बाजू आणि होजची टोकं बघा, व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचलून आत ओल आहे का पाहा. सगळ्यात जास्त नजरेआड राहते ती मास्टर सिलिंडर आणि बूस्टरमधली जागा. तिथे रंग फुगलेला किंवा सोललेला दिसला तर मागचं सील गेलं आहे आणि ऑइल बूस्टरमध्ये उतरतंय. पातळी जागची हलत नाही, बाहेर एक थेंब नाही आणि पेडल तरी सरकतंय, तेव्हा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावरून ऑइल मागे जात असतं. सिलिंडर आतून खड्डे पडलेला असेल तर नवं रबर किट टिकत नाही. अशा वेळी अख्खा मास्टर सिलिंडर बदला. इथे पैसे वाचवू नका.

होजसाठी एकाला पेडल दाबायला सांगा आणि प्रत्येक होजवर हात ठेवा. फुगवटा जाणवला, भेगा दिसल्या, तर बदला. पकडीने होज चिमटून पाहू नका, आतला थर फाटतो.

आंबेनळीसारखा लांब घाट उतरल्यावरच पेडल मऊ होत असेल तर ऑइल उकळतंय. ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल थंड झालं की पेडल पूर्ववत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला काहीच सापडत नाही. ऑइल दर दोन वर्षांनी बदला, आणि त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका; सगळी रबरं फुगतात. घाटात पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल, तर तापलेले पॅड आणि लायनर तपासायला हवेत.

दोष दुरुस्त झाला की मग एअर काढा. कोणतं चाक आधी, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. ते तळापर्यंत गेलं तर जुन्या मास्टर सिलिंडरचं रबर न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतं. पेडल सोडण्याआधी निपल बंद झालंच पाहिजे. एवढं करूनही हवा राहिली तर कॅलिपर पाहा: डावा-उजवा अदलाबदल होऊन निपल खालच्या बाजूला आलं असेल, तर वरची हवा कधीच निघणार नाही.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी उतरली नाही ना आणि चारही निपलं कोरडी आहेत का, हे पाहूनच गाडी बाहेर काढा.