चेंबर ऑफ कॉमर्स आणि आपण

सभासद बंधूंनो, ऊस आपण कारखान्याला घालतो. पण हळद, गूळ, बेदाणा घेऊन सांगलीच्या पेठेत जावेच लागते. तिथे 'चेंबर ऑफ कॉमर्स' हे नाव कानावर येते. ती व्यापाऱ्यांची संस्था, आपला काय संबंध, असे आपण म्हणतो. संबंध आहे, तो समजून घेऊ.

चेंबर म्हणजे व्यापाऱ्यांनी स्वखुशीने, वर्गणी भरून चालविलेला संघ. पुण्यात मराठा चेंबर १९३४ साली निघाले. एकट्या दुकानदाराचे कोण ऐकतो? म्हणून कर, रेल्वे, वीज, रस्ते याबद्दल चेंबर सरकारदरबारी बोलते. सभासदांमधले तंटे कोर्टाबाहेर मिटविण्याचा प्रयत्न करते. पेठ नीट चालली तर गिऱ्हाईक टिकते, आणि भाव आपल्यालाही मिळतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव राखणे शेतकरी-व्यापारी दोघांच्याही हिताचे.

पण एक घोटाळा टाळावा. पट्टीचे पैसे अडकले तर चेंबर फार तर आपल्या सभासदाला समज देईल. हुकूम करू शकणार नाही. अडत्याचा परवाना बाजार समितीच्या हातात. ती १९६३ च्या कायद्याने चालते आणि तिच्यावर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी निवडून जातात. तेव्हा लेखी अर्ज समितीकडेच द्यावा, पोच घ्यावी. सोबत वजनाची चिठ्ठी आणि हिशेबपट्टी हवीच. तोंडी व्यवहार केला, तर दोन्ही दारे ठोठावून हात हलवीत परत यावे लागेल!